माझा उजवा, त्यांचा डावा

तालुका पोलीस ठाणे, जिल्हा सातारा. तारीख २१ फेब्रुवारी १९४५, सकाळी साडेदहा.

नाव केरबा दौलू सुतार. वय बेचाळीस किंवा चव्वेचाळीस, आई दोन्ही सांगत असे. धंदा सुतारकी. राहणार मलकापूर, तालुका कराड.

मी वरील इसम फौजदारसाहेबांच्या टेबलापुढे उभा राहून, विचारतील त्याचे उत्तर म्हणून सांगतो की, काल तिसऱ्या प्रहरी पोलीस पाटलांचा माणूस माझ्या घरी आला आणि म्हणाला, "केरबा, तुजी बंदूक आडाकलीया, उद्या ठाण्यात ये." माझ्याकडे बंदूक नाही. माझ्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हती. मी फार घाबरलो. मग कळले की बंदूक हवालदार जोतीराम यांची आहे आणि अडकली आहे ती तिची नळी, जी मीच दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडात, बसवली होती. नळी सोडवायला बोलावले आहे असे समजून मी पटाशी, लाकडी हातोडा आणि तेलाची बाटली घेऊन आज सकाळी आलो. इथे पटाशी काढून घेतली आणि जबाब दे म्हणाले. मी साक्षीदार आहे की आरोपी, असे मी विचारले. फौजदारसाहेब म्हणाले, "ते तू काय बोलतोस त्यावर आहे." तेव्हापासून माझे डोके जागेवर नाही. काही पुढचे मागे झाले तर सांभाळून घ्यावे.

जोतीराम हे माझ्याच गावचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. ते पलटणीत होते. लढाईत त्यांचा डावा डोळा गेला म्हणून मागच्या साली पेन्शन घेऊन घरी आले. उसात रानडुकरे शिरतात म्हणून त्यांना बंदुकीचा परवाना मिळाला आहे. ते तिला रायफल म्हणतात. परवान्यात एकनळी बंदूक असे आहे. त्यांच्या पत्नी बनुबाई तिला "आमची सवत" म्हणतात. तिन्ही एकच. तीन बंदुका नाहीत, हे मी दोनदा सांगितले आहे आणि तिसऱ्यांदा सांगतो.

जोतीराम यांना कालपासून या ठाण्यात बसवून ठेवले आहे. बनुबाई सकाळपासून बाहेर लिंबाखाली बसल्या आहेत. मी आत येताना त्यांच्याकडे बघितले नाही. का बघितले नाही, असे विचारले. पायरी बघत होतो.

त्यांना एक मुलगा आहे, मानसिंग. बेचाळीसच्या ऑगस्टात कचेरीवर मोर्चा गेला त्या खटल्यात त्याचे नाव आल्यापासून, म्हणजे अडीच वर्षे, तो घरी नाही. तो कुठे आहे मला माहीत नाही. तो डावखुरा आहे हे ठाऊक आहे का, असे विचारले. मला ठाऊक नाही. तो लहान असताना मी त्याला भोवरा करून दिला होता. भोवऱ्याला डावे-उजवे नसते.

कामाची हकीकत अशी. संक्रांतीनंतर चार दिवसांनी जोतीराम बंदूक घोंगडीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "केरबा, दस्त्याला वाळवी लागली रं. नळीच्या खालचं लाकूड समदं भुगा झालंय. नवा घालतूस का ह्योच सावरतूस?" मी टोकरून पाहिले. वरून लाकूड शाबूत, आत पोकळ. पण शिसव जुने, हाताला गार लागणारे. मी म्हणालो, "अण्णा, असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाई. मोडायचं पाप कशाला? भरून देतो." ते म्हणाले, "मग भरताना गालाच्या जागंला जरा उशी दे. नेम धरताना गाल हवंत राहतूया." दस्त्याच्या अंगाला जो फुगवटा ठेवतात, ज्यावर नेम धरणाऱ्याचा गाल टेकतो, त्याला मी उशी म्हणतो. पलटणीत काय म्हणतात ते त्यांना विचारावे. या ठाण्यात ते आहेतच.

पोकळी कशाने भरावी याचा मला दोन दिवस उलगडा होईना. सरस लाकूड चिकटवायला चांगला, पण ओल आली की ढिला पडतो आणि उसाच्या फडात ओल असतेच. लाख आणि राळ वितळवून घालावी तर ती बांगडीसारखी, बार उडाला की धक्क्याने तडकते. मी सांगलीच्या बाजारातून मुद्दाम चांगली राळ आणली होती, तिचाही तुकडा हातोडीखाली चुरा झाला. तेव्हा जोतीराम यांनी पलटणीतून आणलेला एक डबा आणि एक बाटली मला दिली. डब्यात मैद्यासारखी पांढरी भुकटी होती. बाटलीत नाकाला झोंबणारे पाणी होते. जोतीराम म्हणाले, "ह्यानं इमानं चिकटवत्यात." मी म्हणालो, "म्हणूनच पडत्यात व्हय?" ते हसले नाहीत. डबा सरकारी होता का, असे विचारले. त्यावर इंग्रजी लिहिलेले होते. मला मराठी वाचता येत नाही, तिथे इंग्रजी कुठले.

ती भुकटी कालवून, तिच्यात शिसवाचा बारीक भुसा मिसळून, वर बाटलीतले थेंब टाकले की घटकाभरात दगड होतो. इतके पक्के काम मी जन्मात पाहिले नव्हते. पण त्याला आपले-परके कळत नाही. नळी खाचेत ठेवूनच भरण घालावे लागते, म्हणजे तिचा ठसा बरोबर उठतो. मात्र नळीला आधी काही फासले नाही तर भरण लाकूड धरते आणि लोखंडही धरते, मग नळी सुटत नाही. म्हणून काय फासावे याची मी परीक्षा केली. लाकडाच्या चार फळकुटांत खाचा पाडल्या, चारींत गजाचा एकेक तुकडा बसवला. एका गजाला गोडेतेल, एकाला तूप, एकाला साबण, एकाला मेण. तेलाजवळचे भरण घट्टच झाले नाही, खरवसासारखे राहिले. तुपाचे फळकूट मांजराने नेले. साबणाचा गज सुटला पण सकाळपर्यंत गंजला. मेणाचा गज शेंगेतून दाणा सुटावा तसा सुटला. म्हणून मेण ठरले. हे सगळे कशाला सांगतोस, असे विचारले. मी काम बघून करतो, हे कळावे म्हणून सांगतो.

फौजदारसाहेबांनी लेखनिकांना हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले. ते माझेच आहे.

नळी बसवायचे काम मी जोतीराम यांच्या वस्तीवर केले. तिथे गेल्यावर पाहतो तो माझे मेण संपलेले. परीक्षेतच गेले होते. मी बनुबाईंना म्हणालो, "वयनी, मेण हाय का घरात?" त्यांनी आतून कुंकवाच्या मेणाची डबी आणून दिली. बायका आधी कपाळाला मेण लावतात आणि त्यावर कुंकू टेकवतात, ते मेण. मी म्हणालो, "आवं, मग तुमाला?" त्या म्हणाल्या, "माजं कुक्कू मेणाबिगर बसंल. तुमी काम करा भावजी." डबी ती केवढी, करंगळीच्या पेरात मावेल एवढे मेण, त्यातही कुंकू कालवले गेलेले. नळीच्या एका अंगाला ते पुरले, दुसऱ्या अंगाला पातळ झाले. तिथे भरणाने लोखंड धरले. ही माझी चूक आहे. मेण पुरत नाही हे दिसत असताना मी पुढे गेलो. थांबायला हवे होते. थांबलो का नाही, असे विचारले. घाई होती. कशाची घाई, असे विचारले. भरण वाळत होते.

या आठवड्यात परवान्याच्या तपासणीसाठी जोतीराम यांनी बंदूक ठाण्यात आणली. तिचा नंबर नळीच्या पोटाला, लाकडाच्या आत आहे. नंबर बघायला नळी काढू गेले तर ती निघेना. शिपायांनी जोर केला तेव्हा फटीतून तांबडे दिसले. ते रक्त नाही. कुंकू आहे. मी वर सांगितलेच आहे.

तिथून हे प्रकरण वेगळ्या वाटेला लागले. एका शिपायाने बंदूक उजव्या खांद्याला लावून बघितली तर गालाची उशी भलत्याच अंगाला, बाहेरून. मग त्याने डाव्या खांद्याला लावली तर गाल अलगद बसला. उजव्या हाताच्या माणसाला उशी दस्त्याच्या डाव्या अंगाला लागते आणि डावखुऱ्याला उजव्या अंगाला. लेखनिकांनी हे उलटे लिहिले होते, वाचून दाखवल्यावर मी दुरुस्त करून घेतले. या बंदुकीची उशी उजव्या अंगाला आहे.

फौजदारसाहेब मला म्हणाले, "जोतीरामला डावा डोळा नाही. डाव्या खांद्याला बंदूक लावून तो काय कानाने नेम धरणार? हा दस्ता डावखुऱ्यासाठी झालाय. त्या घरात डावखुरा एकच आहे आणि त्याच्यावर वॉरंट आहे. केरबा, मला एवढंच सांग, माप कुणाचं घेतलंस? मानसिंगचं म्हणालास तर तू साक्षीदार. आत्ता घरी जाशील. बाप आज आत जाईल आणि पोरगा आठ दिवसांत. जोतीरामचं म्हणालास, तर ही उशी या बाजूला कशी आली ते मला पटवून दे."

मी पाणी मागितले. ते मिळाले.

मी सांगतो की, माप मी जोतीराम यांचेच घेतले. उशी चुकून उलट्या अंगाला झाली. ती अशी. माप घेताना माणूस बंदूक खांद्याला लावून उभा राहतो आणि मी त्याच्या समोर तोंड करून उभा राहतो. समोरच्या माणसाचे डावे ते माझे उजवे. त्यांचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकला, तो मला माझ्या उजव्या हाताला दिसला. मी उजवे अंग असे मनात धरले. घरी येऊन दस्ता स्वतःच्या खांद्याकडे घेतला आणि उजव्या अंगालाच उशी काढली. माझा उजवा तो त्यांचा डावा, हे ध्यानात राहिले नाही. एवढीच गोष्ट आहे.

सुतार खूण लाकडावर करतो, मनात नाही, असे फौजदारसाहेब म्हणाले. खूण केली होती. रंध्याखाली गेली.

माप घेतले त्या दिवशी दुपारचे जेवण वस्तीवरच झाले. बनुबाईंनी तीन ताटे वाढली. कुणाकुणाची, असे विचारल्यावरून सांगतो की एक जोतीराम यांचे, एक माझे, एक बनुबाईंचे. बायका मागून जेवतात, हे खरे आहे. तिसरे ताट कुणाचे, असे परत विचारले. तेही माझेच. मी एका ताटात भाकरी घेतो आणि दुसऱ्यात कालवण. घरीही असाच जेवतोस का, असे विचारले. घरी एकच ताट आहे.

माप कसे घेतले ते पुन्हा एकदा सांग म्हटल्यावरून मी सांगितले की, त्याने बंदूक उचलली, खांद्याला लावली, मान वाकवली, तेव्हा केस डोळ्यांवर आले म्हणून त्याने मान झटकली आणि मी गालापाशी बोट लावून खूण केली. फौजदारसाहेबांनी हात वर केला. लेखनिक थांबले. फौजदारसाहेब म्हणाले, "केरबा, सकाळपासून तू जोतीरामला 'त्यांनी' म्हणतोयस. ते आले, ते म्हणाले, ते हसले नाहीत. मापाला आल्यावर 'त्याने' कसं झालं? हा 'त्याने' कोण? आणि जोतीरामच्या डोक्यावर केस कुठे आहेत?"

बाहेर कुणीतरी खोकले. मग मी सांगितले की, माप घेताना माणूस मला लाकडाएवढाच असतो. लाकडाला मी अहोजाहो करत नाही. पाटलांचे माप घेतले तरी मी मनात "त्याने"च म्हणेन. केसांचे मी कुणा दुसऱ्याचे बोललो असेन. माझे म्हणणे खोडावे अशी विनंती केली. खोडता येत नाही असे कळले. मग राहू द्यावे.

यानंतर फौजदारसाहेबांनी गुंडा सुतार, राहणार कराड, यास आत बोलावले. हा धंद्यातला माझा वैरी आहे. मलकापुरात देवळाच्या दाराचे काम त्याला न मिळता मला मिळाले, तेव्हापासून वीस वर्षे आमचे बोलणे नाही. तो माझ्या कामाला नावे ठेवतो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्याला पाहून मला बरे वाटले. आता हा माझी चूक चवीने सांगेल, असे वाटले. फौजदारसाहेबांनी त्याला विचारले की, केरबा सुतार डावे-उजवे चुकेल काय? गुंडा म्हणाला, "साहेब, ह्यो माणूस म्हणून कसाबी असूंद्या, माजं आन् ह्याचं पटत न्हाई. पर कामाला ह्याच्या तोडीचा ह्या मुलखात दुसरा न्हाई. म्यां धरून. ह्यानं डोळं मिटून चौकट बसवली तरी केसाचा फरक पडायचा न्हाई. आन् ह्यो डावं-उजवं चुकंल? काय बी काय इचारताय!"

वीस वर्षे मला हे त्याच्या तोंडून ऐकायचे होते. मला रडू आले. ते लिहावे की नाही ते साहेबांनी ठरवावे.

मी सांगतो की, गुंडा खोटे बोलतो. मला लहानपणापासून डावे-उजवे कळत नाही. मी अंदाजाने चालवतो. माझी पुष्कळ कामे उलटी झाली आहेत आणि लोकांनी भिडेखातर सांगितले नाही. फौजदारसाहेब म्हणाले, "हा जबाब कोर्टात मोठ्याने वाचला जाईल. गावोगाव होईल. मग तुझ्याकडे पाळणा तरी कोण करायला टाकेल? नीट विचार कर." मी विचार केला आहे. लिहावे.

गुंडा माझ्याकडे टक लावून पाहत होता. मग त्याने टेबलावरची बंदूक पाहिली, उशीवरून बोट फिरवले. ती किती गुळगुळीत झाली आहे हे सुताराला बोटाने कळते. मग त्याने खिडकीतून लिंबाकडे पाहिले. त्यानंतर तो आपणहून म्हणाला, "साहेब, आता मला आठावतंया. मगाशी म्यां उगाच थोरवी गायली. त्या देवळाच्या दाराच्या बिजागऱ्या ह्यानं उलट्या बसवल्यात. दार आत उघडायचं त्ये भाईर उघडतंय. आमा सुतारांत लय हसलो हुतो आमी. डावं-उजवं ह्याला कदीच कळलं न्हाई."

देवळाचे दार बाहेर उघडते ते गाभारा अरुंद आहे म्हणून. आत उघडले असते तर पुजाऱ्याला उभे राहायला जागा उरली नसती, मी आठ दिवस विचार करून ते तसे. हे वाक्य इथेच थांबवावे. गुंडा म्हणतो ते बरोबर आहे. बिजागऱ्या उलट्या बसल्या. मला कळले नाही.

मानसिंग यास मी अडीच वर्षांत पाहिले नाही. तो वाळला आहे की कसा, मला माहीत नाही.

दस्ता फोडल्याशिवाय नळी निघणार नाही. साहेबांचा हुकूम असेल तर मी फोडून देतो, पण लाकूड चांगले आहे, एवढे सांगून ठेवतो. याहून मला जास्त काही माहीत नाही आणि जे माहीत आहे त्याचाही आता भरवसा वाटत नाही.

हे सगळे लेखनिकांनी मला सावकाश वाचून दाखवले. मी उभ्याने ऐकले. देवळाच्या दारापाशी आल्यावर त्यांना पुन्हा वाचायला सांगितले, तेही ऐकले. जसे बोललो तसेच उतरले आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी शिकवले नाही. मला लिहिता येत नाही म्हणून अंगठा देतो.

शेरा, फौजदार: जबाबाखाली निशाणीसाठी रिवाजाप्रमाणे डाव्या हाताचा अंगठा मागितला असता इसमाने उजवा पुढे केला. डावा पाहिजे असे सांगितले. इसमाने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि "ह्योच की डावा, साहेब" म्हणून पुन्हा उजवाच शाईत बुडवला. तिसऱ्यांदा विचारले नाही. तोच घेतला आहे. हवालदार जोतीराम यांस समज देऊन सोडावे. बंदूक ठाण्यात राहील. इसमास पटाशी परत दिली.

निशाणी केरबा दौलू सुतार, डाव्या हाताचा अंगठा (उजवा).